वाढदिवसाला लिहून दिलेलं संगीत: क्लारा, रॉबर्ट आणि ब्राम्सची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात शेवटी एक छोटासा गृहपाठ आहे, आणि तो कानांनीच करायचाय.

वाढदिवस म्हटलं की आपल्याकडे काय काय होतं बघा. रात्री बाराला फोन, सकाळी घरी औक्षण, दुपारपर्यंत फॅमिली ग्रुपवर शंभर स्टिकर्स आणि संध्याकाळी स्टेटसला फोटो. फोटोमागे एक गाणं हवंच. 'आईसाठी कुठलं लावू?' म्हणून आपण दहा मिनिटं शोधत बसतो. गाणं दुसऱ्या कुणाचं असलं तरी निवड आपली असते, आणि त्या निवडीतून आपल्याला काहीतरी सांगायचं असतं.

आता अशा घराची कल्पना करा, जिथं वाढदिवसाला गाणं निवडायचे नाहीत, बसून नवं लिहायचे. गुपचूप लिहायचं, सुंदर अक्षरात उतरवायचं आणि त्या दिवशी सकाळी समोर ठेवायचं. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत असं एक घर होतं. त्या घरातल्या भेटवस्तू आज जगभर वाजतात. पण त्या भेटींमागे एक प्रश्नही दडलाय: त्या घरातली बाई इतकं छान लिहीत होती, तर मग तिनं लिहिणं थांबवलं का?

तीन माणसं, तीन तारखा

आधी पात्रपरिचय. तारखा लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

पहिली तारीख ८ जून. १८१० साली या दिवशी रॉबर्ट शूमानचा जन्म झाला. संगीतकार, लेखक, थोडा स्वप्नाळू माणूस.

दुसरी १३ सप्टेंबर. १८१९ साली लाइपझिग शहरात क्लारा वीक जन्मली. तिचे वडील फ्रीडरिश वीक पियानोचे नामांकित शिक्षक होते आणि मुलीला घडवायचं हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. नवव्या वर्षी ती लाइपझिगच्या प्रसिद्ध गेवांडहाउस सभागृहात वाजवत होती. सोळाव्या वर्षी तिनं तिथंच स्वतः लिहिलेला पियानो कन्चेर्टो सादर केला. कन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि अख्खा ऑर्केस्ट्रा त्याच्या साथीला. त्या दिवशी ऑर्केस्ट्राचं संचालन करत होता मेंडेलसोन! सोळा वर्षांची मुलगी, स्वतःची रचना आणि समोर एवढा मोठा माणूस.

तिसरी तारीख ७ मे. १८३३ साली हॅम्बर्गमध्ये योहानेस ब्राम्स जन्मला. तो या गोष्टीत जरा उशिरा येतो. येतो आणि मग शेवटपर्यंत जात नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी

रॉबर्ट हा वीकसरांचा शिष्य, काही काळ त्यांच्या घरीच राहायला होता. पुढे क्लारा आणि तो प्रेमात पडले, आणि सरांचा पारा चढला. लग्नाला ठाम नकार. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी कोर्टाच्या परवानगीनं लग्न लागलं ते १२ सप्टेंबर १८४० रोजी. म्हणजे क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्याच दिवशी.

लग्नाची भेट म्हणून रॉबर्टनं तिला सव्वीस गाण्यांचा एक संच दिला. दुसऱ्या दिवशी वाढदिवस. त्या दिवशी त्यानं तिच्या हातात एक कोरी वही ठेवली. दोघांनी मिळून लिहायची डायरी. दिवसभरात काय झालं, काय वाजवलं, काय खटकलं, सगळं आळीपाळीनं लिहायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर दोघांचाच एक प्रायव्हेट ग्रुप.

क्लाराच्या मनात मात्र एक खोल शंका होती. लग्नाच्या आदल्या वर्षी, १८३९ मध्ये तिनं आपल्या डायरीत लिहून ठेवलंय की आपल्याकडे रचना करण्याची प्रतिभा आहे असं आपल्याला वाटायचं, पण आता तो विचार सोडून दिलाय. बाईनं रचना करण्याची इच्छाच धरू नये, आजवर कुणाला ते जमलेलं नाही, मग आपल्यालाच का जमावं? हे लिहिणारी मुलगी वीस वर्षांची होती आणि तिचा कन्चेर्टो छापून आलेला होता!

मग तिनं पुढे लिहिलं कसं? तर त्या काळातल्या तिच्या रचनांच्या तारखा बघितल्या की एक गंमत दिसते. कधी नाताळ, कधी ८ जून. 'मी संगीतकार आहे' असं म्हणायला ती कचरायची. 'नवऱ्याचा वाढदिवस आहे, काहीतरी द्यायला हवं' असं म्हटलं की हात चालायचा. वाढदिवस हे तिला मिळालेलं निमित्त होतं.

बारा गाणी, दोन नावं

१८४१ च्या ८ जूनला रॉबर्टच्या एकतिसाव्या वाढदिवशी क्लारानं त्याला चार गाणी दिली. रुकर्ट नावाच्या जर्मन कवीच्या कवितांना तिनं चाली लावल्या होत्या.

रॉबर्टनं काय करावं? त्यानं त्यातली तीन गाणी घेतली, स्वतःची नऊ त्यात मिसळली आणि बारा गाण्यांचं पुस्तक प्रकाशकाकडे पाठवलं. क्लाराला पत्ता नाही. १३ सप्टेंबरला, तिच्या बाविसाव्या वाढदिवशी, छापील पुस्तक तिच्या समोर! मुखपृष्ठावर दोघांचीही नावं. आत मात्र कुठलं गाणं कुणाचं हे लिहिलेलंच नाही. म्हणजे ऐकणाऱ्यानं ओळखून दाखवावं.

तो वाढदिवस खासच होता. त्यांची पहिली मुलगी मारी बारा दिवसांची होती आणि त्याच दिवशी तिचा बाप्तिस्मा झाला. शिवाय रॉबर्टनं आणखी एक गोष्ट क्लाराला दिली: नुकत्याच पूर्ण झालेल्या डी मायनर सिम्फनीचं हस्तलिखित. हे हस्तलिखित लक्षात ठेवा हं. पन्नास वर्षांनी यावरून मोठं भांडण होणार आहे.

वरच्या मजल्यावरची खोली

ऐकायला हे सगळं फार गोड वाटतं, पण रोजचं घर काही इतकं गोड नव्हतं. रॉबर्ट रचना करायला बसला की त्याला शांतता लागायची. मग क्लाराचा पियानो बंद. घरांच्या भिंती पातळ, त्यात एकामागून एक बाळंतपणं. एकूण आठ मुलं झाली, त्यातला एक मुलगा तान्हेपणीच गेला. सबंध युरोप जिला ऐकायला तिकीट काढायचा, तिला स्वतःच्या घरात रियाझाला वेळ मिळत नव्हता.

१८५३ च्या उन्हाळ्यापर्यंत ड्युसेलडॉर्फ शहरात त्यांना मोठं घर मिळालं होतं. तिथं क्लाराचा पियानो वरच्या मजल्यावर गेला. खाली रॉबर्टला आवाज जात नव्हता. झालं! काही वर्षं थांबलेली तिची लेखणी एकदम सुरू झाली. त्या एका उन्हाळ्यात तिनं चार संच लिहिले: पियानोसाठी दोन, व्हायोलिन-पियानोसाठी एक आणि गाण्यांचा एक. एक खोली मिळाल्यावर एवढा फरक पडतो, मंडळी.

आणि या उन्हाळ्याची सुरुवात कशानं झाली? अर्थातच ८ जूननं. रॉबर्टच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवसासाठी तिनं त्याचीच एक छोटी पियानोची धून घेतली आणि तिच्यावर सात व्हेरिएशन्स लिहिली. व्हेरिएशन्स म्हणजे काय? मूळ धून तीच ठेवायची आणि दरवेळी तिला नवं रूप द्यायचं. कधी संथ, कधी धावती, कधी वरचे सूर बदलून, कधी खालचे. आपल्याकडे तीच बंदिश गायक प्रत्येक आवर्तनात नव्यानं खुलवतो ना, तशी कल्पना करा. फक्त इथं सगळं आधी कागदावर उतरलेलं असतं.

नवऱ्याची धून त्यालाच परत द्यायची, पण स्वतःच्या हातानं फुलवून. हस्तलिखितावर तिनं तारीख घातली आणि ही आपल्या नवऱ्यासाठी केलेली एक छोटीशी धडपड आहे अशा अर्थाचं लिहिलं. ही 'छोटीशी धडपड' आज तिच्या सर्वोत्तम रचनांमध्ये मोजली जाते.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला रॉबर्टनं तिला नवा पियानो दिला. दोघांनीही एकमेकांना दिलेला हा शेवटचा सुखाचा वाढदिवस होता. पण हे तेव्हा कुणाला माहीत?

'त्याच्या' धूनेवर, 'तिच्या'साठी

त्यानंतर तीनेक आठवड्यांत दारात एक वीस वर्षांचा, सोनेरी केसांचा पोरगा आला. योहानेस ब्राम्स. त्यानं पियानोवर आपल्या रचना वाजवल्या आणि नवराबायको थक्क झाले. रॉबर्टनं महिनाभरात लेख लिहून जाहीर केलं की ज्याची वाट बघत होतो तो आलाय.

आणि मग फेब्रुवारी १८५४. रॉबर्टची मानसिक अवस्था बिघडतच गेली होती. २७ फेब्रुवारीला त्यानं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी वाचवलं. काही दिवसांनी त्याला बॉनजवळच्या एन्डेनिश इथल्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आलं. क्लारा तेव्हा गरोदर होती. तिला नवऱ्याला भेटू दिलं नाही, आणि ही बंदी दोन वर्षांहून जास्त काळ टिकली.

१८५४ चा ८ जून आला. वाढदिवसाचा मुलगा घरात नाही. तीन दिवसांनी, ११ जूनला, त्याचा सगळ्यात धाकटा मुलगा जन्मला. त्याच दिवसांत ब्राम्सनं एक गोष्ट केली. क्लारानं गेल्या वर्षी जी धून घेतली होती, नेमकी तीच त्यानं घेतली आणि तिच्यावर स्वतःची व्हेरिएशन्स लिहिली. हस्तलिखितावर नावं घातली नाहीत. 'त्याच्या' धूनेवर आणि 'तिला' अर्पण, एवढंच. मध्येच एके ठिकाणी त्यानं क्लाराच्या लहानपणच्या एका रचनेतले सूरही गुंफले.

म्हणजे बघा, एकच धून तीन हातांतून गेली. लिहिली रॉबर्टनं, वाढदिवसाला फुलवली क्लारानं, आणि तो माणूस घरात नसताना तिला धीर द्यायला पुन्हा हातात घेतली ब्राम्सनं.

सप्टेंबरमध्ये क्लाराचा वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस आला, तेव्हा तिनं एन्डेनिशला पत्र पाठवलं. १४ सप्टेंबरला रॉबर्टचं उत्तर लिहून झालं. तिथून त्यानं तिला लिहिलेलं ते पहिलं पत्र. सहा महिन्यांची शांतता या तारखांमुळे फुटली.

१८५६ च्या ८ जूनला, रॉबर्टच्या शेहेचाळिसाव्या वाढदिवशी, ब्राम्स त्याला भेटायला गेला. या वेळी भेट संगीताची नव्हती. त्यानं नेला एक मोठा अॅटलास. रॉबर्ट त्या काळात अॅटलासमधून गावांची नावं शोधून अक्षरांच्या क्रमानं लिहीत बसायचा. ज्या माणसाच्या घरी वाढदिवसाला सिम्फनी मिळायची, त्याच्या शेवटच्या वाढदिवसाला नकाशे मिळाले. पन्नासेक दिवसांनी, २९ जुलैला तो गेला.

लेखणी थांबली

क्लारा तेव्हा छत्तीस वर्षांची होती. सात मुलं आणि कमावणारी ती एकटी. मदत म्हणून मिळणारे पैसे घ्यायला तिनं नकार दिला आणि गाव-गाव, देश-देश मैफिली सुरू केल्या. त्या पुढे कित्येक वर्षं चालल्या.

आणि रचना? एखाद-दोन छोट्या गोष्टी सोडल्या तर थांबल्याच. आणि त्यातली एक कुठली? १८७९ मध्ये एका मित्र दांपत्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्यांच्यासाठी लिहिलेली मार्च-धून. म्हणजे पुन्हा भेटच!

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. ती का थांबली? वेळ नव्हता, पैशांची निकड होती, हे तर आहेच. पण मला वाटतं आणखी एक कारण आहे. 'मी लिहिते' असं म्हणायची हिंमत तिला कुणी दिलीच नव्हती. तिनं ती ८ जूनकडून उसनी घेतली होती. ज्याच्यासाठी लिहायचं तो माणूस गेला आणि निमित्तही गेलं.

देण्याचं काम मात्र ब्राम्सनं चालू ठेवलं. १८६१ च्या तिच्या वाढदिवसासाठी त्यानं हँडेलच्या एका धूनेवर पंचवीस व्हेरिएशन्स आणि शेवटी एक फ्यूग लिहिली. वाजवायला प्रचंड अवघड. क्लारानं ती बसवली आणि डिसेंबरमध्ये हॅम्बर्गच्या मैफिलीत लोकांसमोर वाजवली. आपल्याला मिळालेली भेट तिनं जगाला देऊन टाकली.

१८६८ मध्ये दोघांत जरा दुरावा आला होता. ब्राम्स तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता. १२ सप्टेंबरला त्यानं तिला एक संदेश पाठवला. त्यात एका मेंढपाळाच्या लांब शिंगवाद्यावर, म्हणजे आल्पहॉर्नवर, ऐकलेली धून त्यानं लिहिली होती आणि खाली डोंगरदऱ्यांतून हजारो शुभेच्छा अशा अर्थाचे शब्द. बस, एवढंच. माफी नाही, स्पष्टीकरण नाही.

पण ती धून ब्राम्सच्या डोक्यातून गेली नाही. आठ वर्षांनी, १८७६ मध्ये, कार्ल्सरूह इथं त्याची पहिली सिम्फनी वाजली. ती पूर्ण करायला त्याला वर्षानुवर्षं लागली होती. शेवटच्या भागात सगळं काळोखं, अस्वस्थ चाललेलं असतं, आणि अचानक ढग बाजूला व्हावेत तसा हॉर्न वाजतो. तीच आल्पहॉर्नची धून. सभागृहातल्या लोकांना ती डोंगरातली हाक वाटली असेल. एका बाईला मात्र ठाऊक होतं की हे आपल्या वाढदिवसाचं कार्ड आहे.

भेटीवरून भांडण

मघाशी म्हटलेलं हस्तलिखित आठवतंय? १८४१ च्या वाढदिवसाची डी मायनर सिम्फनी. पहिल्या सादरीकरणात ती फारशी रंगली नाही, म्हणून रॉबर्टनं बाजूला ठेवली आणि दहा वर्षांनी तिचा ऑर्केस्ट्रा जास्त भरीव करून पुन्हा लिहिली. तीच पुढे चौथी सिम्फनी म्हणून छापली गेली.

ब्राम्सकडे मूळ हस्तलिखित होतं आणि त्याला ती पहिली, हलकी, मोकळी आवृत्तीच जास्त आवडायची. क्लाराचं म्हणणं होतं, रॉबर्टनं शेवटी जे ठरवलं तेच खरं. १८९१ मध्ये ब्राम्सनं तिचा विरोध असतानाही मूळ आवृत्ती छापवून घेतली. क्लारा जबर दुखावली. चाळीस वर्षांची मैत्री तुटायला आली.

दोघांचीही बाजू समजून घेण्यासारखी आहे. क्लारासाठी ती नवऱ्याची इच्छा होती. ब्राम्ससाठी ते तरुण रॉबर्टचं ताजं संगीत होतं, जे कपाटात राहू नये. वाढदिवसाची भेट नेमकी कुणाची? देणाऱ्याची, घेणाऱ्याची की ऐकणाऱ्यांची? आज दोन्ही आवृत्त्या वाजतात, त्यामुळे आपण तरी फायद्यातच आहोत.

हे मिटायला सुरुवात कधी झाली? १८९२ च्या १३ सप्टेंबरला. क्लाराच्या त्र्याहत्तराव्या वाढदिवशी ब्राम्सनं पत्र लिहिलं. त्यात तो रुसलेला आहे, आपण परके झालो आहोत असं म्हणतो, आणि तरीही तिच्याबद्दलचा आदर तसूभर कमी झाला नाही हेही सांगतो. त्यानंतर हळूहळू बोलणं पुन्हा सुरू झालं.

शेवटचा ७ मे

मार्च १८९६ मध्ये क्लाराला पक्षाघाताचा झटका आला. तरी मे महिन्यात, ब्राम्सच्या त्रेसष्टाव्या वाढदिवसाला, तिनं कसंबसं शुभेच्छांच्या चार ओळी लिहून पाठवल्याच. तिनं त्याला लिहिलेलं ते शेवटचं.

तिकडे व्हिएन्नामध्ये ब्राम्स, ती जाणार हे ओळखून, बायबलमधल्या मृत्यूविषयीच्या वचनांवर चार गाणी लिहीत होता. ७ मेच्या सुमारास ती पूर्ण झाली. ही आपणच आपल्याला दिलेली वाढदिवसाची भेट, असं तो मित्रांना म्हणाला.

२० मेला फ्रँकफर्टमध्ये क्लारा गेली. ब्राम्सला कळलं तेव्हा तो ऑस्ट्रियात होता. प्रवासात गाडी चुकली, कसाबसा बॉनला दफनविधीपर्यंत पोचला. पुढच्या वर्षी ३ एप्रिलला तोही गेला. त्यानंतरचा ७ मे त्यानं पाहिलाच नाही.

क्लारानं शेवटचं ऐकलेलं संगीत कुठलं माहितीये? तिच्या नातवानं पियानोवर वाजवलेला रॉबर्टचा एक रोमान्स.

आता गृहपाठ

मंडळी, क्लाराच्या रचना बरीच वर्षं दुर्लक्षित होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक पुन्हा त्यांच्याकडे वळले, आणि आता तुमच्या फोनवरच्या कुठल्याही म्युझिक अॅपवर त्या मिळतील. तर यातलं एक करा. क्लारा शूमानची ओपस २० शोधा आणि लगेच मागोमाग ब्राम्सची ओपस ९ लावा. दोन्हींची सुरुवात अगदी सारखी आहे, कारण धून एकच. नंतर दोघं कुठे कुठे जातात ते ऐका. पाऊण तासाच्या आत दोन्ही ऐकून होतात.

आणि हो, तुमच्या घरात कुणी असेल जे 'माझं काय एवढं' म्हणत गाणं, कविता, चाल लपवून ठेवतं. आई असेल, बहीण असेल, रूममेट असेल. येत्या वाढदिवसाला त्यांच्याकडे वस्तू मागू नका. म्हणा, 'माझ्यासाठी एक गाणं कर.' भेट म्हणून का होईना, हात चालू होईल. आणि वाढदिवस सरला तरी थांबू नका, दुसऱ्या दिवशी म्हणा, 'अजून एक कर ना.' क्लाराला हे दुसरं वाक्य म्हणणारं कुणी उरलं नाही.

भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा, आणि तुमच्या घरात वाढदिवसाला कुणी स्वतः केलेलं काही गातं-वाजवतं का, तेही आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!